खंडेनवमीचं हत्यार

माझा स्वभाव तिखट आहे असं सासरी, घोटीत, म्हणतात. माहेरी पंचवटीत सरळ भांडखोर म्हणतात. दोन्ही खरं आहे, आणि मला दोन्हीचं काही वाटत नाही. खंडेनवमीच्या सकाळी माझ्या थोरल्या भावानं आमचा लहानपणीचा व्हिडिओ गेम टेबलावर उताणा पाडलेला मी पाहिला, शेजारी स्क्रू ड्रायव्हर पाहिला, आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"दादा, काय करतोयस?"

"पोस्टमॉर्टेम," दिनेशदादा म्हणाला. "मेलाय हा."

तो दसऱ्यासाठी पुण्याहून आला होता. गेल्या वर्षी त्यानंच आईला भिंतभर टीव्ही घेऊन दिला होता, आणि या खेपेला येताना एक छोटा काळा डबा आणला होता. अपस्केलर. तो त्यानं रात्री गेमला आणि टीव्हीला जोडून पाहिला होता आणि टीव्हीवर काही उमटलं नव्हतं. म्हणून आता त्याचा बेत असा होता की गेमच्या आतलं सगळं काढून टाकायचं, तिथे पत्त्याच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर बसवायचा, त्यात हजार गेम भरायचे आणि तो पुण्याच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्यात ठेवायचा. वरून जुना, आतून नवा.

"विचारलंस कुणाला?"

"कुणाला विचारायचं? माझाच तर आहे."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तो गेम आणला तेव्हा दादा सातवीत होता. "दिन्याला आणलाय," असं त्यांनी ओट्यावरूनच जाहीर केलं. वस्तू उंबऱ्याच्या आत यायच्या आधी तिची वाटणी झालेली होती. त्याच वर्षी माझ्या हातात हार ओवायची लांब सुई आली. आमची मखमलाबादच्या बाजूला झेंडूची शेती आणि पंचवटीत फुलांचा गाळा. पोरीच्या जातीला सुई आलीच पाहिजे, असं तात्यांचं म्हणणं. खंडेनवमीला पाटावर हत्यारं मांडायची तेव्हाही तसंच. तात्यांचा तराजू, आईचा विळा, दादाची पुस्तकं, त्याला लागून त्याचा गेम, आणि माझ्या नावानं ती सुई. मला त्या सुईचा असा राग होता की विचारू नका.

पण खेळायचे मी. दादा क्लासला गेला की मी टीव्हीसमोर. रणगाड्यांचा गेम होता, त्यात आपला किल्ला राखायचा असतो. बोटांना सुईची भोकं पडलेली असायची, तरी बटणावर ती अशी चालायची की शत्रूचे रणगाडे वळण घ्यायच्या आत उडायचे. तात्यांनी बघितलं असतं तर पाठ सोलली असती, पण त्यांनी कधी बघितलंच नाही. आई ओट्यावर हार ओवत बसलेली असे आणि भारी धांदरट. तिच्या हातून सतत काहीतरी पडे. फुलपात्र, तांब्या, तराजूचं पारडं. त्या खणखणाटानं मी दचकून खिडकीबाहेर बघावं, तर तात्या नेमके बोळात शिरताना दिसायचे. मी झटकन टीव्ही बंद करून सुई हातात घ्यायची. माझं नशीबच बलवत्तर, असं मी समजत होते.

लग्न होऊन घोटीला गेले, भाताच्या गिरणीवाल्यांच्या घरात. लेकीला माहेरून साडीचोळी मिळते, ओटीत नारळ मिळतो. तो डबा दादाचा म्हणून माळ्यावर राहिला. आणि आता त्याची आतडी काढून तो पुण्याला जाणार होता. मी ते होऊ देणार नव्हते.

"मेलेला नाहीये तो," मी म्हटलं.

"ज्योत्स्ना, मी रात्रभर बघितलंय."

"तू बघितलंयस. मी नाही बघितलेलं."

दादा हसला. "सुंभ जळला तरी तुझा पीळ काही जायचा नाही. बरं, संध्याकाळपर्यंत या टीव्हीवर चित्र आणून दाखव. आणलंस तर गेम तुझा. नाही आणलंस तर मी उघडणार, आणि मग तोंड वाकडं करायचं नाही."

"दाखवते. आणि दाखवलं की तो स्क्रू ड्रायव्हर पेटीत जाईल."

मी पदर खोचला.

आता जरा समजावून सांगते, कारण मलाही त्याच दिवशी समजलं. जुने गेम जुन्या पोटवाल्या टीव्हीसाठी केलेले. त्यांचं चित्र अगदी बारीक, आणि ते पाठवायची तऱ्हाही जुनी. नव्या टीव्हीला ती भाषाच कळत नाही. हा अपस्केलर मध्ये बसतो, जुन्याचं ऐकून घेतो, चित्र मोठं आणि स्वच्छ करतो आणि नव्याला त्याच्या भाषेत सांगतो. दुभाषाच म्हणा. पण हा दुभाषा शिस्तीचा. पोटवाला टीव्ही कसलंही मुंग्या आलेलं चित्र पोटात घालायचा. या महाराजांना जरा कमीजास्त झालेलं चालत नाही, लगेच "सिग्नल नाही" अशी निळी पाटी लावून मोकळे.

पहिल्यांदा मी दादानं काय करून ठेवलंय ते पाहिलं. अपस्केलरच्या मेनूत त्यानं एनटीएससी निवडलेलं. ती अमेरिकेकडची पद्धत. आपल्याकडचे हे बाजारातले गेम पाल पद्धतीचे, आपल्या टीव्हीसारखे. मी पाल केलं. पडदा एकदा लखकन उजळला, रंगीत काहीतरी उभं हललं, आणि परत निळी पाटी.

"बघितलंस?" मी ओरडले. "जिवंत आहे!"

"मेलेल्या झुरळाचे पायसुद्धा हलतात," दादा मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला.

तेवढ्यात आतून आई आली, तिच्या मागे झेंडूचा वास आला. बाहेरच्या खोलीत गुडघाभर फुलांचा ढीग पडला होता. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुणी रिकामं बसत नाही.

"ज्योते, उद्या दसरा हाय. अख्खं नाशिक तोरण मागंल, आन तू काय करू राहिली? सोड ते. सुई धर."

"नाही धरणार," मी म्हटलं.

आईनं माझ्याकडे बघितलं आणि परत ढिगाशी जाऊन बसली. मला वाटलं, रागावली. रागावू दे.

मग मी केबलच्या मागे लागले. गेमच्या कुशीला दोन भोकं, एकाभोवती पिवळं कडं, दुसऱ्याभोवती लाल. पिवळ्यातून चित्र येतं, लालमधून आवाज. पिवळी पिन हातानं दाबून धरली की पडदा क्षणभर उजळायचा, हात काढला की पाटी. म्हणजे केबल ढिली, असं मी ठरवलं. गंगापूर रोडच्या दुकानातून नवी केबल आणली. सणाच्या गर्दीत स्कूटर घालून जाऊन आले, घाम पुसला, जोडली. तेच. मी बोटानं दाबतेय, चित्र डोकावतंय, जातंय.

मग मला अपस्केलरचाच संशय आला. आईचा जुना डीव्हीडी प्लेअर कपाटातून काढला, त्याच केबलनं अपस्केलरच्या त्याच भोकात जोडला. आईच्या भजनाच्या सीडीतले टाळकरी बुवा लख्ख दिसले, त्यांच्या टोपीची शिवणसुद्धा मोजता आली असती. म्हणजे अपस्केलर ठीक, केबल ठीक, टीव्ही ठीक.

"उरलं कोण?" दादानं विचारलं. त्यानं स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला होता, नुसता फिरवत होता.

"ठेव तो."

"अगं, नाचता येईना अंगण वाकडं असं किती वेळ करशील? कबूल कर ना. गेलाय तो."

मी डबा त्याच्या हाताखालून माझ्याकडे ओढला. वस्तूसाठी एवढं कशाला, असं कुणी म्हणेल. पण त्या घरात मी जन्मले, वाढले, हजारो हार ओवले, आणि माझं म्हणून तिथं काय होतं? दारावरच्या पाटीवर तात्यांचं आणि दादाचं नाव. कपाटात दादाची सर्टिफिकेटं. जिथं मी कुणापेक्षा कमी नव्हते अशी त्या घरात एकच जागा होती, या डब्यासमोरची. तीही दादा आतून खरवडून काढायला निघाला होता.

मग आठवलं. आम्ही खेळायचो तेव्हा ही पिवळी-लाल भोकं कधी वापरलीच नव्हती. तात्यांच्या टीव्हीला ती भोकं नव्हतीच. गेमच्या मागून एक वायर निघायची, ती टीव्हीच्या अँटेनाच्या जागी खोचायची आणि चॅनल लावायचा. तो टीव्ही कुठाय? फुलांच्या खोलीत, पोत्याखाली, त्याच्यावर तोरणांची पाटी ठेवलेली. मी पाटी उतरवली, पोतं काढलं, वायर खोचली आणि चॅनलचं बटण फिरवत राहिले. मुंग्या, मुंग्या, खरखर. आणि मग मुंग्यांतून वर आला माझा किल्ला, विटांच्या भिंतीसकट.

आई फुलांतून बघत होती. तिच्या हातातली सुई थांबली होती.

"दादा! ये इकडे! हा मेलाय?"

दादा आला आणि वाकून पडद्याकडे बघत राहिला. त्यालाही बरं वाटलं असावं, तेवढा तो वाईट नाही. पण इंजिनिअर माणूस. "म्हणजे आतला मेंदू चालू आहे," तो म्हणाला. "एव्हीचा, म्हणजे या पिवळ्या-लाल भोकांचा, भाग गेलाय. तोच तर लागतो नव्या टीव्हीला. पैज या टीव्हीची नव्हती."

तेही बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला. मी गेम परत टेबलावर आणला, जोडला, मोबाईलच्या उजेडात पिवळ्या भोकात डोळा घातला. कडं पिवळं, आतही पिवळंच. गंज नाही, काळं नाही, तुटलेलं काही नाही. आता काय करावं ते मला सुचेना. दादा घड्याळ बघत नव्हता, पण मला ते न बघणंही टोचत होतं.

दुपार कलली. आमचा गाळा सांभाळणारे चिमाजीकाका तोरणांची पाटी घेऊन गेले, आणि आईनं हातपाय धुऊन पाट मांडला. पूजा राहिली होती. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तराजू पहिला त्यांचाच. मग विळा, खुरपं, आणि आईची सुई. दादानं लॅपटॉप आणून ठेवला. लग्नानंतर खंडेनवमीला मी या वर्षी पहिल्यांदाच माहेरी आले होते, एरवी घोटीला गिरणीची पूजा असते. त्यामुळे इथलं काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं.

"तुझं आण," आई मला म्हणाली.

"माझं काय आहे इथं?" मी म्हटलं. आवाज चिरका निघाला. "माझं काही नाही."

"आसं कसं नाय?" आई उठली, टेबलाशी गेली, गेमच्या केबली सोडवल्या आणि तो डबा पदरानं पुसत आणून पाटावर ठेवला. मग चिमटीत हळद घेतली आणि ती पिवळ्या भोकात घातली. अंगठ्यानं दाबून बसवली. मग चिमटीत कुंकू घेतलं आणि ते लाल भोकात.

मी आणि दादा एकदमच ओरडलो. "आई!"

"काय झालं?"

"हे काय करतेस?"

"पूजा," आई म्हणाली. "दरसाली करते. येवढी यंत्रं पाह्यली, पण हळदकुंकू कुठं लावायचं ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. ह्याला करणाऱ्यानंच खुणा करून दिल्या. एक पिवळी, एक लाल. मी म्हटलं, शहाणा माणूस दिसतोय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. पिवळ्या कड्यात पिवळी हळद, आणि मी त्यात उजेड पाडून बघत होते. दरवर्षी एक चिमूट, वर अंगठा, मध्ये चार महिने पावसाची दमट हवा. आतल्या पत्र्यावर हळदीचा थर धरला होता. पिन टेकतच नव्हती, दाबली तर जरा टेकायची. पोटवाल्या टीव्हीनं तेवढ्यावरही भागवलं असतं. शिस्तीच्या दुभाष्याला ते चालणार नव्हतं.

दादाला हसू आवरेना. हसून हसून डोळे पुसत तो म्हणाला, "आई, माझ्या गेमची पार वाट लावलीस तू."

"तुझा?" आईनं हळदकुंकवाचं ताट खाली ठेवलं. "तुझी पुस्तकं पूजली मी. ह्यो डबा हिचा."

"आई, तात्यांनी मला..."

"तात्यांनी आणला तुला. पूजला मी हिच्या नावानं. पयल्यापासून. तुझ्या पुस्तकाशेजारी ठेवायचे, म्हंजी त्यांना कळू नये."

"माझ्या नावानं तर सुई होती," मी म्हटलं.

"ती माझी सुई. तुझी कधी नव्हतीच." आई माझ्याकडे न बघता फुलं नीट करत होती. "तुझा हात कशावर चालतो ते मला दिसत नव्हतं का? तू सासरी गेली, ह्यो गेला पुण्याला. दर खंडेनवमीला माळ्यावरून काढते, पुसते, हळदकुंकू लावते, ठिवून देते. माहेरी लेकीचं एक हत्यार हाय, ते पुसून नको ठिवायला?"

आई आता थांबत नव्हती.

"आन ती भांडी काय उगाच पडायची? ह्यांची सायकल बोळात शिरली की मी फुलपात्र टाकायचे. लोकं मला धांदरट म्हणायची. म्हणू दिलं. एक भांडं नीट धरता येत नाय, असं ह्यांचंही ऐकून घेतलं जन्मभर."

मला रडू आलं. एरवी राग आला की रडू येतं, पण हे तसलं नव्हतं. मी त्या खणखणाटाला नशीब समजत होते, आणि नशीब ओट्यावर बसून हार ओवत होतं.

दादाचं हसू गेलं होतं. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही." मग कपाळाला आठी घालून, "पण चित्र अजून आलेलं नाही. पैज ती पैज."

"कोण नाही म्हणतंय?" मी डोळे पुसले.

आईनं पाटावरची सुई उचलली आणि माझ्यापुढे धरली. "धर."

या वेळी मी धरली. टोकाला कापूस गुंडाळला, दादानं त्याच्या पेटीतलं स्पिरिट काढून दिलं, आणि मी ओट्यावर उजेडात बसले. आधी कापसानं, मग नुसत्या टोकानं अलगद, कड्याच्या कडेकडेनं. हळदीचे खडे निघाले, डाळीच्या कणीएवढे. कुंकवाचा थर त्याहून चिवट. ज्या सुईला मी जन्मभर शिव्या दिल्या तिच्याइतकं बारीक आणि लांब दुसरं काही घरात नव्हतं. कापूस पांढरा निघेपर्यंत मी सोडलं नाही.

पिन आत घातली. टक असा आवाज आला. दिवसभरात तो पहिल्यांदाच आला.

मी गेम चालू केला. अपस्केलरचा दिवा लुकलुकला, लुकलुकला आणि स्थिर झाला. भिंतभर टीव्हीवर माझा किल्ला उभा राहिला. प्रत्येक वीट वेगळी दिसत होती. लहानपणी मुंग्यांमधून अंदाजानं खेळलेलं सगळं एवढं स्वच्छ, की मला आधी ओळखू आलं नाही.

"सूर्य अजून बुडायचाय," मी दादाला म्हटलं.

त्यानं स्क्रू ड्रायव्हर पेटीत टाकला आणि झाकण लावलं. मग आईनं हळदकुंकू हातात घेतलं, आणि आम्ही दोघं परत ओरडायच्या आत म्हणाली, "कळतं मला. कुठं लावू ते सांगा." मी गेमचं झाकण दाखवलं. तिनं वर मधोमध हळदीचं बोट ओढलं, त्यावर कुंकू, आणि दोन झेंडू ठेवले. ठसठशीत.

दादानं सवयीनं पहिल्या नंबरचा रिमोट उचलला. लहानपणी कधीमधी मला खेळायला घेतलं तर दुसऱ्या नंबरवर घ्यायचा. मी हात पुढे केला. तो माझ्याकडे बघत राहिला, मी हात मागे घेतला नाही. त्यानं रिमोट माझ्या हातात दिला आणि दुसरा घेऊन शेजारी मांडी घातली.

बोटं विसरली नव्हती. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. दादाचा रणगाडा सारखा उडत होता आणि तो मला शिव्या देत होता. तात्या भिंतीवर हारातून बघत होते. आई उंबऱ्यात पाय पसरून उरलेली फुलं ओवत बसली होती, शेजारी पाण्याचं फुलपात्र.

तेवढ्यात बोळातून कुणाच्या तरी चपला वाजल्या. माझी बोटं आपोआप थांबली. आईचाही हात फुलपात्राकडे गेला, त्याच्या काठाला लागला, आणि तिथंच राहिला. मग तिनं ते उचललं, त्यातलं पाणी घटाघटा प्यायली आणि आवाज न करता खाली ठेवलं.

"येऊ दे कोण येतंय ते," ती म्हणाली. "तू खेळ."